सैल गाठ : पाळलेलं पाखरू रात्री दचकतं तेव्हा



चातुर्मास लागला की बहिणींचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा : "मुलांच्या हट्टापायी घरात कॉकटेलची जोडी आणली. संवत्सरीला सोडून दिली तर अभयदानाचं पुण्य लागेल ना?" दुसरा बहुधा अपरात्री, घाईघाईत लिहिलेला : "लाइट गेली, पाखरू पिंजऱ्यात एकदम फडफडलं, पंखातून रक्त येतंय, काय लावू?"

वरवर पाहता एक प्रश्न धर्माचा आणि दुसरा औषधाचा. पण आपल्याच इतिहासात शोधायला गेलं तर दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. म्हणून आज थोडं लांबून सुरुवात करते. ज्यांच्या घरी या क्षणी पाखरू जखमी आहे त्यांनी सरळ खाली उतरावं, इतिहास उद्या वाचला तरी चालेल.

आधी हे पाखरू कोण ते पाहू. दुकानदार त्याला 'कॉकटेल' म्हणतात, खरं नाव कॉकाटील. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली, लांब शेपूट, वजन जेमतेम ८० ते १०० ग्रॅम. हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातलं पाखरू आहे. तिथे ते थव्याने राहतं, पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात दूरदूर फिरतं आणि जमिनीवर उतरून दाणे टिपतं. १७९२ मध्ये रॉबर्ट कर यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे १८४० च्या दशकात जॉन गोल्ड यांचा ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांवरचा मोठा चित्रग्रंथ निघाला. त्यासाठी त्यांची बायको एलिझाबेथ लहान मुलांना इंग्लंडमध्ये ठेवून नवऱ्याबरोबर बोटीने तिकडे गेली होती. त्या ग्रंथासाठी तिने चौऱ्याऐंशी चित्रं केली आणि १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर, सदतिसाव्या वर्षी ती वारली. ग्रंथावर नाव मात्र नवऱ्याचं. असो, तो वेगळा विषय आहे.

युरोपात ही पाखरं पिंजऱ्यात चांगली रुळली, अंडी घालू लागली. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने आपले पक्षी विक्रीसाठी बाहेर पाठवणं बंद केलं. म्हणजे आज आपल्याकडे जी कॉकाटील दिसतात ती सगळी पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची पिलं, पिढ्यान्‌पिढ्या. रान त्यांच्या आजी-पणजीनेही पाहिलेलं नाही. भारतात ती इतकी का वाढली, यालाही कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणि १९९०-९१ पासूनच्या कडक बंदीमुळे देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नाही. मग पिंजरेवाले परदेशी जातींकडे वळले. तशी ही पाखरं बीड, परळी, अंबाजोगाईच्या गॅलऱ्यांपर्यंत पोहोचली.

आता रात्रीची गोष्ट. थव्याने राहणाऱ्या पाखराला रात्री फांदीवर घुबड आलं, साप सरपटला, काही खसखस झाली, की विचार करायला वेळ नसतो. एक उडालं की सगळ्यांनी उडायचं, वर, सरळ, जमेल तितक्या जोरात. अंधारात त्याला नीट दिसत नाही, पण मोकळ्या रानात त्याने बिघडत नाही, कारण वर आकाश असतं. तीच उडी पिंजऱ्यात घेतली की वर आणि चहूबाजूंनी गज असतात. पाखरू गजावर आपटतं, दिसत नाही म्हणून आणखी घाबरतं, पुन्हा आपटतं. पंख गजात अडकतो, पीस मोडतं, रक्त येतं. पाळणारे याला रात्रीची दचक म्हणतात. कॉकाटीलमध्ये ती फार आढळते, आणि पिवळसर-पांढऱ्या रंगाच्या कॉकाटीलमध्ये जास्तच, असा अनुभव आहे. पाखराच्या रक्तातली रानातली सवय तशीच राहिली, फक्त आकाश गेलं.

इथे मला आपला आनंद श्रावक आठवतो. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या ज्या दहा श्रावकांच्या कथा आहेत, त्यातला हा पहिला, वाणिज्यग्रामचा. दहा-दहा हजार गाईंची चार व्रजं, म्हणजे चाळीस हजार गाई त्याच्याकडे होत्या. त्याने बारा व्रतं घेतली, पाठोपाठ त्याची बायको शिवानंदा हिनेही घेतली. पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात रोज म्हणतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं. गंमत अशी, की हे अतिचार चाळीस हजार गाई बांधणाऱ्या माणसाला सांगितलेले आहेत. ज्याच्या घरी जनावर नाही त्याला 'बंध' शब्दाचं काय काम?

मग गाय बांधायचीच नाही का? जुन्या टीकाकारांनी हा प्रश्न अगदी घरगुती पद्धतीने सोडवला आहे. कारण नसताना, रागाने, निर्दयपणे बांधणं हा दोष. गरजेने बांधावं लागलं तर कसं बांधायचं, याचीही अट घातलेली आहे : गाठ सैल हवी, जनावराला हालता आलं पाहिजे, आणि आग लागली तर गाठ पटकन सुटली पाहिजे. मला ही अट वाचताना नेहमी नवल वाटतं. दिवसाढवळ्या, सगळं ठीक असताना गाठ कशी आहे हे ते विचारतच नाहीत. अचानक संकट आलं, जनावर भेदरलं, तेव्हा तुझ्या बांधण्याने त्याचं काय होईल, हे विचारतात.

रात्रीची दचक हीच त्या पिंजऱ्याची परीक्षा. म्हणून पिंजरा ठेवणाऱ्या बाईने "माझं पाखरू दिवसा किती छान शीळ घालतं" एवढ्यावर समाधान मानू नये. रात्री दोन वाजता ते भेदरलं तर पिंजऱ्यात त्याचं काय होईल, हे पाहावं.

आता सोडून देण्याकडे येते. सोडून देण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, ती कमी लेखायचं कारण नाही. नेमिनाथ प्रभूंनी लग्नाच्या वरातीत, वाड्यात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे फिरवला, ही कथा राजुलच्या बाजूनेही आपल्याला पाठ आहे. ऐतिहासिक काळातली सर्वांत मोठी घटना अकबराच्या दरबारातली, आणि परंपरेने तिची सुरुवात एका श्राविकेपासून सांगतात. चंपा श्राविकेने सहा महिन्यांची तपश्चर्या केली होती, तिची मिरवणूक अकबराने पाहिली, चौकशी केली आणि तिचे गुरू कोण हे विचारलं. ते होते आचार्य हीरविजयसूरी. आचार्य गुजरातेतल्या गंधारहून पायी निघाले आणि १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. बादशहाने हत्ती-घोडे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मागितलं ते एवढंच : पर्युषणाच्या दिवसांत हिंसा बंद करा, कैदी सोडा, पिंजऱ्यातली पाखरं सोडा. अकबराने ते मानलं, आचार्यांना जगद्गुरू ही पदवी दिली. आइन-ए-अकबरीत अबुल फजलने दरबाराला ठाऊक असलेल्या विद्वानांची यादी दिली आहे, त्यात पहिल्या वर्गात आचार्यांचं नाव आहे. त्याच ग्रंथात बादशहाच्या वीस हजारांहून जास्त कबुतरांचाही हिशेब आहे, म्हणजे छंद काही सुटला नव्हता!

पण अकबराच्या पिंजऱ्यातली पाखरं रानातून धरून आणलेली होती. दार उघडलं की ती घरी जाणार होती. हा फरक आपले पूर्वज किती बारकाईने पाहत, याचा उत्तम पुरावा हीरविजयसूरींच्या त्या प्रवासानंतर चाळीस वर्षांनी एका परक्या माणसाने लिहून ठेवला आहे.

पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा प्रवासी १६२३ च्या सुरुवातीला खंभातला आला. खंभात तेव्हा मोठं बंदर, आपल्या व्यापाऱ्यांचं गाव. तिथे त्याने पाखरांचं रुग्णालय पाहिलं. जागा लहान, पण पाखरांनी भरलेली : कोंबडे, कबुतरं, मोर, बदकं, बारकी पाखरं. कुणी लंगडं, कुणी आजारी, कुणी जोडीदार गमावलेलं. देखभाल करणाऱ्या माणसांचा खर्च लोकांच्या दानधर्मातून चाले. जोडीदार गमावलेल्या पाखरालाही आजारी समजून आत घेत, ही नोंद मला फार मोलाची वाटते. दुःख हा आजारच आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

देल्ला वाल्लेने तिथला नियमही लिहिला आहे. पाखरू बरं झालं की दोन वाटा. रानातलं असेल तर मोकळं सोडायचं. पाळीव असेल तर एखाद्या धर्मशील माणसाच्या हवाली करायचं, त्याने ते घरी सांभाळायचं.

तिथे त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. उंदराची पोरकी पिल्लं, डोळेही न उघडलेली असावीत इतकी लहान, कुणीतरी आणून दिलेली. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, नाकावर चष्मा, पेटीत कापसात त्यांना ठेवून पाखराच्या पिसाने एक-एक थेंब दूध पाजत होता. मोठी झाली की त्यांनाही सोडून देणार, असं त्याने सांगितलं. परक्या माणसाला याचं हसू आलं असेल किंवा कौतुक वाटलं असेल, पण त्याने लिहिलं सगळं तपशिलात. ऊब, शांतपणा, थोडं-थोडं देणं आणि घाई न करणं : आजचा पक्ष्यांचा डॉक्टरही प्रथमोपचारात याच्यापेक्षा फार वेगळं सांगत नाही. (दूध मात्र उंदराच्या पिल्लाला ठीक, पाखराला नाही. पाखरांना ते पचत नाही. ही चूक आपल्या घरांत मायेपोटी होते.)

'पांजरपोळ' या शब्दातच पांजर म्हणजे पिंजरा आहे, पोळ म्हणजे बंदिस्त आवार. आपल्या सर्वांत जुन्या जीवदयेच्या संस्थेच्या नावातच पिंजरा यावा, याचं कोडं मला लहानपणी पडायचं. खंभातचा नियम कळल्यावर ते सुटलं. ज्याला बाहेर जगता येत नाही त्याच्यासाठी आवार हे संरक्षण असतं. मुंबईत १८३२ मध्ये सरकार भटकी कुत्री मारत होतं, त्यावरून पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या बरोबरीने आपले मोतीशा शेठ त्या कामात होते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरातलं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय १९२९ पासूनचं. तिथे शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना आत दाण्यावर जगणाऱ्या पाखरांबरोबर ठेवत नाहीत. आणि बरं झालेलं पाखरू मालकाला परत न देता मोकळं करायचं, अशी तिथली रीत.

दिल्लीची रीत कबुतर, पोपट, चिमणी यांना योग्यच आहे. कॉकाटीलला मात्र खंभातचीच रीत लागू होते, असं माझं मत आहे. आपल्या बालाघाटच्या उघड्या माळावर त्याला सोडलं तर त्याला कोणतं दाणं, कुठलं पाणी, कावळ्यापासून कसं लपायचं, यातलं काही येत नाही. थवा नाही, म्हणजे इशारा देणारं कुणी नाही. दोन-चार दिवसांत कावळा, मांजर किंवा तहान. त्याला अभयदान म्हणवत नाही. शिवाय पर्युषणात सोडण्यासाठी पाखरं विकत घेण्याची जी पद्धत शहरांत पडली होती, तिने पारध्यांना धंदाच मिळाला : आपण सोडायची म्हणून त्यांनी आधी धरायची. विकत घेऊन सोडणं मी तरी पुण्य मानत नाही. पुढची जोडी विकत न घेणं हे खरं. आणि आधीच घरात आलेलं पाखरू? त्याला 'धर्मशील माणसाच्या हवाली' केलं आहे, आणि तो माणूस आपण आहोत. कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतं. मुलगी सासरी जाईल, पाखरू आपल्याकडेच राहील.

दिल्ली आपल्याला लांब. आपल्या बीड जिल्ह्यात पाखरांचं वेगळं रुग्णालय नाही, पण खंभातचा धर्म इथे जिवंत आहे, आणि तो फक्त आपल्याच समाजात आहे असंही नाही. एकट्या शिरूर कासार तालुक्यात पाहा. दहिवंडीचे शब्बीर सय्यद, सगळे त्यांना शब्बीर मामू म्हणतात, दुष्काळातही भाकड गाई सांभाळत आले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याचं सर्पराज्ञी हे वन्यजीवांचं केंद्र आहे. जखमी मोर, घुबडं, हरणं, साप तिथे बरे करून पुन्हा रानात सोडतात. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या परिसरात, शेतात, विहिरीत कुठे जखमी रानपाखरू सापडलं तर ते घरी पाळायचं नाही. वन विभागाला किंवा अशा केंद्राला कळवायचं. ती पहिली वाट.

दुसऱ्या वाटेचं पाखरू आपल्या घरात आहे, आणि रात्री ते दचकलं आहे. आता काय करायचं ते सांगते.

सर्वांत आधी उजेड. लाइट असेल तर लावा, नसेल तर मोबाइलचा टॉर्च भिंतीवर मारा, पाखराच्या डोळ्यांवर नाही. ओरडू नका, पिंजऱ्यात लगेच हात घालू नका. रोज ज्या आवाजात बोलता त्याच आवाजात बोला, नवकार म्हणा, काहीही म्हणा, पण हळू. उजेडात दांडी दिसली, ओळखीचा आवाज आला की बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत ते स्थिरावतं. अंधारात धरायला गेलात तर हात हाच त्याला शिकारी वाटतो आणि दुसरी जखम आपल्यामुळे होते. मुलांना आणि मांजराला खोलीबाहेर ठेवा, पंखा बंद करा.

मग लांबून नीट पाहा. रक्त कुठे आहे? पंखाच्या किंवा शेपटीच्या पिसाला, नखाला, चोचीजवळ की अंगाच्या कातडीला? पंख दोन्ही सारखे मिटलेत की एक लोंबतोय? दोन्ही पायांवर उभं आहे का?

सगळ्यांत जास्त सापडतं ते मोडलेलं नवं पीस. जुनं पीस आपल्या नखासारखं, तुटलं तरी रक्त नाही. नवं येत असलेलं पीस मात्र जिवंत असतं, त्याच्या नळीतून रक्त वाहतं. ते मोडलं तर गजावर, भिंतीवर इतके शिंतोडे उडतात की बघूनच चक्कर यावी. थोडं रक्तही फार दिसतं. तरी हिशेब लक्षात असू द्या. पाखराच्या अंगात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा रक्त असतं. नव्वद ग्रॅमच्या कॉकाटीलमध्ये सुमारे नऊ मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचेही पुरते भरणार नाहीत. दोन-चार थेंबांनी घाबरू नका. पण धार चालूच आहे म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नका.

रक्त थांबलेलं असेल तर हात लावू नका, हे सर्वांत चांगलं. चालू असेल तर पाखराला धरावं लागेल. जुनी सुती ओढणी किंवा छोटा टॉवेल घ्या, वरून हलकेच घाला, पंख अंगाशी मिटलेले राहतील असं गुंडाळा. मान आणि डोकं बोटांमध्ये आधाराने धरा, छाती मात्र अजिबात दाबू नका. आपल्या पोटात असतो तसा श्वासाचा पडदा पाखराला नसतो. छातीचं हाड पुढे-मागे झालं तरच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरलं तर तोंड, नाक मोकळं असूनही ते गुदमरतं. मायेने कवटाळून पाखरू गमावलेली घरं आहेत, म्हणून हे दोनदा वाचा. छातीला पट्टी गुंडाळण्याचा उद्योगही त्याच कारणाने करू नका.

मोडलेल्या पिसाच्या टोकावर किंवा नखावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर ठेवा आणि स्वच्छ कापडाच्या घडीने दोन-तीन मिनिटं हलका दाब द्या. मध्येमध्ये उचलून "थांबलं का" बघू नका, धरलेली गुठळी सुटते. अंगावरच्या उघड्या जखमेत मात्र पीठ भरायचं नाही. तिथे स्वच्छ कापडाचा दाब, आणि माती लागली असेल तर सलाइनने किंवा उकळून कोमट झालेल्या पाण्याने धुवायचं. आपल्या घरात पक्कं पाणी तयार असतंच, त्याचा हा एक उपयोग. हळद-तेलाचा लेप नको. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब राहत नाही, आणि पाखरू ते चोचीने साफ करताना पोटात घेतं. माणसांची वेदनाशामक गोळी, मलम काहीही नको. पीस उपटून टाका असं जुने पाळणारे सांगतात. ते काम डॉक्टरवर सोडा, घरी उपटताना कातडी फाटते.

चोचीत पाणी, मध, ग्लुकोज ओतू नका. घाबरलेल्या पाखराच्या ते श्वासनलिकेत जातं. वाटी जवळ ठेवा, त्याला हवं तेव्हा ते पिईल.

यानंतर खंभातच्या म्हाताऱ्याची पेटी आठवा. लहान खोक्याला भोकं पाडून तळाशी सुती कापड घाला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला, बाहेरून टेकवून ठेवा, म्हणजे फार गरम वाटलं तर पाखराला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. वर अर्धं झाकण, मंद उजेड, आणि खोलीत शांतता.

रक्त दहा मिनिटांत थांबलं नाही, पंख लोंबतोय, उभं राहता येत नाही, प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होतंय, किंवा पिसं फुगवून तळाशी बसून राहिलंय, यातलं एकही असेल तर डॉक्टर गाठायचाच. आपल्या तालुक्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना गाई, म्हशी, शेळ्यांची सवय जास्त. तरी तिथे जखम पाहून घेता येते, आणि पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक जवळ असू द्या. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पाखरांचं काम करणारा डॉक्टर कोण, कोणत्या वेळेला भेटतो, हे पाखरू ठणठणीत असतानाच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. रात्री दोन वाजता ते सुचत नाही.

आता उजेडाचा प्रश्न, कारण तो आपल्या घरांत हमखास निघतो. दचक टाळायला रात्री पिंजऱ्याजवळ मंद दिवा ठेवावा, असं सगळे पाळणारे सांगतात. पण रात्रभर दिवा म्हणजे तेउकायाची विराधना, वर पावसाळ्यात चिलटं-पाखरं येऊन मरतात, असं आजी-सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. वीज सचित्त की अचित्त यावर आपल्या साधू-संतांमध्येही मतं आहेत, त्यात मी पडत नाही. गृहस्थाने विवेक ठेवावा एवढंच. तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती नको, त्यात कीटकही जळतात आणि पाखराच्या नाजूक फुप्फुसांना धूरही लागतो. अगदी लहान, पिवळसर उजेडाचा एलईडी दिवा घ्या. पांढऱ्या-निळ्या उजेडापेक्षा त्याच्याकडे किडे कमी येतात. तो खिडकीपासून दूर, खाली, भिंतीकडे तोंड करून लावा. पाखराला फक्त दांडी कुठे आहे एवढं दिसलं म्हणजे पुरे. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अचानक झालेला अंधार हेच दचकण्याचं मोठं कारण, म्हणून चार्जिंगचा दिवा किंवा इन्व्हर्टरवरची जागा निवडा.

बाकी सैल गाठीच्या गोष्टी. पिंजरा इतका रुंद हवा की दोन्ही पंख पसरले तरी गजाला लागू नयेत. रात्रीपुरते झोपाळे, आरसे, घंट्या काढून ठेवा. झोपायची दांडी फार उंच नको, पडलं तरी थोडक्यावर पडेल. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी कापड, एक बाजू उघडी. रस्त्याकडच्या खिडकीत पिंजरा नको, गाड्यांच्या दिव्यांच्या सावल्या भिंतीवरून पळतात. पाल, उंदीर, मांजर ही तर ठरलेली कारणं. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून काढले की उंदीर येत नाही. लग्नसराईतल्या डीजेच्या रात्री आणि दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत घ्या. महावीर निर्वाणाच्या रात्री फटाके नकोत, हे आपण मुलांना सांगतोच. पाखरामुळे ते त्यांना जास्त लवकर पटतं.

दचकल्यानंतरचे दोन-तीन दिवस पाखरू गप्प असतं, बोलावलं तरी तुरा उभारत नाही. त्याला उडायला भाग पाडू नका. राळं, बाजरी, थोडी कोथिंबीर, रोजचंच खाणं रोजच्याच वाटीत द्या. खातंय की नुसतं दाणे चिवडतंय हे टरफलांवरून कळतं, आणि विष्ठा नेहमीसारखी आहे का तेही बघा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी वाटीत बसवून वजन करा. दोन दिवसांत आठ-दहा ग्रॅम कमी झालं तर ते आपल्या पाच-सहा किलोंसारखं आहे, डॉक्टरला फोन करा. मोडलेलं पीस लगेच उगवत नाही. खुंट गळून पुढच्या पिसझडीत नवं येतं. तेही रक्ताने भरलेलं, नाजूक असणार, म्हणून त्या आठवड्यांत मंद दिव्याचं चार्जिंग संध्याकाळीच तपासून ठेवा.